सरकार नसेल तर बेलिफ कोणाचा?

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : मॅडम, आमच्या कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत मला ‘राज्यसंस्थेशिवाय, निव्वळ मुक्त बाजारावर चालणारा समाज व्यवहारात शक्य आहे’ हा विषय मिळालाय आणि बाजूने बोलायचंय. चिठ्ठी निघाली म्हणून वाचायला घेतलं, आता खरंच पटायला लागलंय. पोलीस, न्यायालय, रस्ते सगळं खासगी कंपन्या स्पर्धा करून देतील, ज्याची सेवा वाईट त्याचं गिऱ्हाईक तुटेल. आमच्या घरी गुळाची अडत आहे. मार्केट यार्डात रोज लाखोंचा माल तोंडी बोलीवर जातो, तिथं कुठं पोलीस उभा असतो? माझा रूमवरचा मित्र म्हणतो, ‘मग सोमालियाला जा.’ आमच्यात बरोबर कोण?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : ‘सोमालियाला जा’ म्हणणं ही वाद टाळायची पळवाट आहे, असं तुझ्या मित्राला माझ्या नावाने सांग. सोमालियाकडे मी येणार आहे, आणि तिथलं चित्र त्याला वाटतं तितकं सोपं नाही. पण सुरुवात तुझ्या घरापासून करू, कारण तुमच्या धंद्याचे कागद मी वर्षानुवर्षं हाताळलेत.

सकाळी सौदा निघतो. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मांडलेले असतात. कोणी कणी बघतो, कोणी रंग, कोणी जिभेवर ठेवतो. बोली चढते, भाव ठरतो. शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मिळते आणि अडत्या त्याचे पैसे चुकते करतो. खरेदीदार मात्र अडत्याला लगेच देत नाही. त्याचा माल गुजरातला जायचा, तिकडून पैसे यायचे, मग इकडे. म्हणजे एकेका रव्यामागे दोन-तीन उधाऱ्या चालू असतात आणि पुष्कळदा त्यांचा पुरावा म्हणजे वहीतली एक ओळ. एखाद्याने पैसे थकवले तर दुपारपर्यंत अख्ख्या यार्डाला कळतं. दुसऱ्या दिवशी तो सौद्यात बोलायला लागला की अडत्या एवढंच विचारतो, ‘रोख का?’ एवढ्यावर त्याची पत संपली. हेच काम कोर्टातून व्हायला समन्स बजावण्यापासून किती तारखा लागतात ते मी इथे छापत नाही. माझे अशील हे सदर वाचतात.

हुपरीतही तेच. चांदी कारागिराच्या घरी जाते, पैंजण होऊन परत येते, आणि मधल्या काळात ती घेऊन तो पळणार नाही ह्या भरवशावर गाव उभं आहे. तेव्हा पहिला मुद्दा तुझ्या पदरात टाकते. बाजाराला रोजच्या रोज सरकार लागत नाही. लागतं असं आम्हा वकिलांना वाटतं, कारण आम्हाला फक्त फिसकटलेले व्यवहार दिसतात.

आता ते फिसकटलेले कोणते, ते बघ. उद्या सौद्यात पुन्हा दिसणाऱ्या माणसाचं प्रकरण माझ्याकडे जवळजवळ येतच नाही. येतं ते उद्या न दिसणाऱ्याचं. मागे परराज्यातली एक पार्टी होती. आधी चोख व्यवहार करून विश्वास कमावला, मग एका हंगामात सगळ्यांकडून मोठी उचल घेतली, आणि दुकानाला कुलूप. अशा माणसाला ‘रोख का?’ विचारून काय उपयोग? त्याला बाजारात परत यायचंच नव्हतं. अडत्यांकडे त्याचे चेक होते म्हणून कलम 138 तरी लागलं.

हे 138 जुनं नाही. चेक-हुंड्यांचा कायदा 1881 चा, पण चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं प्रकरण त्यात 1988 च्या दुरुस्तीने आलं आणि 1 एप्रिल 1989 पासून लागू झालं. गंमत अशी की त्याच कायद्याच्या पहिल्याच कलमात, देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना आम्ही हात लावत नाही, असं इंग्रजांनी लिहून ठेवलंय. म्हणजे पेढ्यांची आपापली शिस्त सरकारने शंभरावर वर्षं मोकळी सोडली होती. तरी 138 आल्यावर त्याच पेढ्यांची नातवंडं चेक घेऊन वकिलांकडे आली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्यांना जे हवं होतं ते रूढीत नव्हतं, एवढंच.

तू म्हणशील, मग न्यायालयही खासगी असू दे. आहेच की! 1996 च्या लवाद कायद्याखाली दोन व्यापारी आपला पंच आपण नेमतात, त्याला फी देतात, नियमसुद्धा बरेचसे आपण ठरवतात. पण पंचाने निवाडा दिला आणि हरलेल्याने हात वर केले तर? कलम 36 सांगतं की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावायचा. मग कोर्टाचा बेलिफ, म्हणजे हुकूम बजावणारा माणूस, जातो, आणि बेलिफाला कोणी अडवलं तर मागून पोलीस. खासगी न्यायाधीश मिळतो, खासगी नियम मिळतात, गाडी अडते ती बेलिफापाशी. तुझ्या विषयावरची जाडजूड पुस्तकं मला ह्या एका प्रश्नाची उत्तरं वाटतात.

आणि ती उत्तरं देणारे लोक खुळे नव्हते. गुस्ताव द मोलिनारी ह्या बेल्जियन अर्थशास्त्रज्ञाने 1849 मध्येच विचारलं होतं की बाकी सगळ्या वस्तू स्पर्धेने स्वस्त आणि चांगल्या होतात, तर संरक्षण हीच एक वस्तू मक्तेदारीत का ठेवायची? पुढे 1973 साली मरे रॉथबार्ड आणि डेव्हिड फ्रीडमन ह्या दोन अमेरिकनांनी त्यावर अख्खा संसार मांडला. तुझ्या संरक्षणाचा करार एका कंपनीशी, माझा दुसरीशी. आपलं भांडण झालं तर दोघींचे बेलिफ एकमेकांची डोकी फोडणार नाहीत, कारण मारामारी खर्चाची असते आणि तो खर्च वर्गणीत चढतो. म्हणून त्या आधीच ठरवून ठेवतील की तंटा झाला तर अमुक पंचाकडे जायचं. फ्रीडमनचा हा युक्तिवाद तू नीट पाठ कर. त्याला हसणारे बहुतेक लोक उत्तर देत नाहीत, नुसतेच हसतात.

उत्तर दिलं ते हार्वर्डच्या रॉबर्ट नॉझिकने, 1974 मध्ये. हा काही सरकारभक्त नव्हे. सरकार असावं पण होईल तितकं कमी, ह्या मताचा. त्याने हा डाव शेवटपर्यंत खेळून बघितला. कंपन्या भिडल्या की एक जिंकते आणि हरलेलीची गिऱ्हाइकं तिच्याकडे येतात. किंवा दोघी तुल्यबळ निघतात आणि मुलूख वाटून घेतात. किंवा दोघी मिळून वर एक न्यायपीठ मानतात. कुठूनही गेलं तरी एका मुलखात शेवटी एकच दंडुका उरतो.

ह्यातली दुसरी वाट कोल्हापूरकराला परदेशात शोधायला नको. 1707 नंतर स्वराज्याच्या गादीला दोन दावेदार झाले, तिकडे शाहू आणि इकडे ताराबाई. सरदारांना दोन दारं उघडी झाली. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूला होते. 1714 च्या सुमाराला बाळाजी विश्वनाथाने त्यांचे किल्ले आणि सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, मान्य करून त्यांना शाहूंकडे वळवलं. चांगल्या अटी देईल त्याच्याकडे जायचं, हा तुझा मुक्त बाजारच. हे सगळं मिटलं 1731 मध्ये, वारणेच्या तहाने. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे, उत्तरेचा साताऱ्याकडे. दोघांनी नदी मधे घातली आणि आपापल्या काठाला एकटे धनी झाले. इतिहासाचे मास्तर रागावतील, छत्रपतींना कंपनी म्हणता म्हणून. तसं मी म्हणत नाही. मला दिसतं ते एवढंच की त्या चोवीस वर्षांत आंग्र्यांना पर्याय होता आणि वारणाकाठच्या कुणब्याला नव्हता, कारण शेत उचलून पलीकडच्या काठाला नेता येत नाही.

बाजूने बोलणारे सगळे आइसलँडचं नाव घेतात, तूही घेशील. घे, पण पूर्ण घे. 930 च्या सुमाराला तिथे सगळ्यांची मिळून सभा सुरू झाली. राजा नाही, फौज नाही, पोलीस नाही. प्रत्येक शेतकऱ्याने एका म्होरक्याच्या छत्राखाली राहायचं, पण कोणाच्या ते त्याने ठरवायचं, आणि पटलं नाही तर बदलायचं. म्होरकेपण हीसुद्धा विकत घेता-देता येणारी चीज. निकाल मिळाला तर बजावणी ज्याची त्याने करायची. दुबळ्याने काय करावं? त्याने आपला दावाच एखाद्या दांडग्याला विकावा किंवा देऊन टाकावा. वसुलीचं काम करणारी बाई म्हणून मला ही कल्पना फार हुशार वाटते. आणि हे तीनशे वर्षांवर चाललं, हे विरोधकांना ठणकावून सांग.

मग ते तुला विचारतील की संपलं कसं. म्होरकेपण विकत घेता येत होतं म्हणून ते हळूहळू पाच-सहा घराण्यांकडे गोळा झालं. तेराव्या शतकात त्या घराण्यांनी एकमेकांची घरं जाळली, आणि 1262 ते 1264 च्या दरम्यान तिथल्या लोकांनी नॉर्वेच्या राजाला कर द्यायचं कबूल केलं. बाहेरून कोणी फौज घेऊन येऊन ते मोडलं नाही. गिऱ्हाइकाला म्होरक्या बदलायची मुभा कायद्याने होतीच, फक्त बदलून जायला दुसरा कोणी उरला नव्हता.

आता सोमालिया. जानेवारी 1991 मध्ये सियाद बार्रेची हुकूमशाही पडली आणि मध्यवर्ती सरकार म्हणावं असं काही उरलं नाही. तुझ्या मित्राला माहीत नसेल, पण त्यानंतर तिथे टेलिफोन कंपन्या निघाल्या, स्पर्धेने दर पडले, हवाल्याने पैसे खेड्यापाड्यांत पोचायला लागले. पीटर लीसन ह्या अर्थशास्त्रज्ञाने 2007 मध्ये आकडे मांडून दाखवलं की बऱ्याच बाबतींत लोकांचं बार्रेच्या काळापेक्षा बरं चाललं होतं. मला ह्यातून एवढंच दिसतं की लुटारू सरकारपेक्षा सरकार नसणं बरं असू शकतं. बार्रेशी तुलना केली तर कोणीही पास होईल.

पण मोगादिशूच्या व्यापाऱ्यांनी पुढे काय केलं? शहरात प्रत्येक टोळीचा वेगळा नाका आणि वेगळी वसुली. एका ट्रकमागे किती जणांना द्यायचं? शेवटी व्यापाऱ्यांनीच धार्मिक न्यायालयांना आणि त्यांच्या हत्यारबंद माणसांना पैसा पुरवला, आणि 2006 मध्ये त्या न्यायालयांनी टोळ्यांना हाकलून शहर ताब्यात घेतलं. दंडुका एकच असावा म्हणून व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे मोजले. तिथला कुळाकुळांतला रूढीकायदाही सरकारपेक्षा जुना आणि पुष्कळ चांगला आहे; खून झाला तर मारणाऱ्याच्या कुळाने मेलेल्याच्या कुळाला उंटांत भरपाई द्यायची. ज्याचं कूळ मोठं त्याची भरपाई वसूल होते. लोहार, चांभार, शिकारी अशा हलक्या मानलेल्या जमातींचं मात्र कोणी ऐकत नाही, कारण त्यांच्यामागे उभं राहायला कूळ नाही.

इथे मला तुझ्याशी भांडायचंय. बेलिफ नसलेल्या समाजात शिक्षा कसली असते? बहिष्काराची. यार्डातलं ‘रोख का?’ हा बहिष्कारच की. व्यापाऱ्याला लावला तर तो शिस्त आणतो. पण हेच हत्यार महाराष्ट्रात हजार वर्षं कोणावर चाललं ते तुला सांगायला नको. पाणी बंद, किराणा बंद, चूल विझली तर विस्तवही बंद. आणि ह्यात कोणी कोणाला हात लावत नाही! प्रत्येक जण आपल्या मर्जीने आपला माल विकायला नकार देतो. तुझ्या पुस्तकांच्या नियमाने ह्यात गुन्हा कुठेच नाही. जातपंचायतींच्या असल्या निवाड्यांवर आपल्या राज्याला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

भाऊसिंगजी रोडवरून जाताना गंगाराम कांबळ्यांची गोष्ट आठव. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेतला हा नोकर. हौदाला शिवला म्हणून त्याला सवर्ण नोकरांनी मारलं. महाराजांनी त्याला भांडवल दिलं आणि त्याने चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक नावाचं. चहा उत्तम, जागा रहदारीची, आणि गिऱ्हाईक नाही. मुक्त बाजार पूर्ण मुक्त होता. कोणी हॉटेल बंद पाडलं नाही, कोणी आतही आलं नाही. मग महाराज स्वतः गाडी थांबवून त्याचा चहा प्यायला लागले, आणि बरोबरच्या सरदार-कामगारांनाही प्यायला लागला. मला ह्या गोष्टीत बाजार आणि राज्य दोन्ही दिसतात. नोकरीपेक्षा धंद्याने गंगाराम स्वतंत्र झाला, हे बाजाराचं देणं. पण पहिलं गिऱ्हाईक राज्याकडून यावं लागलं.

म्हणून माझं मत विरोधी बाजूचं. जिथे दोघांनाही उद्या पुन्हा भेटायचंय आणि दोघांनाही नाही म्हणता येतं, तिथे सरकार नसलं तरी भागतं, उलट नसलेलं बरं. एकाला पळून जाता येतं किंवा एकाला नाही म्हणताच येत नाही, तिथे कोणाचा तरी दंडुका येतोच, आणि तो आला की काही काळाने तो कर मागायला लागतो.

पण बक्षीस तुला मिळावं असं मला वाटतं, तेव्हा हे घेऊन जा. सरकार असावं की नसावं ह्यावर बोलूच नकोस, कसं आहे त्यावर बोल. ह्या देशात पाच कोटींच्या वर खटले पडून आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं. त्याआधी कितीतरी वर्षं आम्ही वकिलांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, कामकाज बंद ठेवलं. गडहिंग्लजच्या माणसाला अपिलासाठी मुंबईला खेपा घालाव्या लागत होत्या. परीक्षकांकडे बघून विचार की न्याय देणारी खासगी कंपनी असती, तर सहा जिल्ह्यांची गिऱ्हाइकं पावणेचारशे किलोमीटर लांब असताना तिने शाखा उघडायला इतकी वर्षं लावली असती का? मी समोर बसले असते तर ह्या प्रश्नाला मला पटकन उत्तर सुचलं नसतं.

आणखी एक. देशादेशांवर कोणाचं सरकार नाही तरी जगाचा व्यापार चालतो, असं बोलायचा मोह होईल. कोल्हापुरात बोलू नकोस. समोरचा अलमट्टी एवढा एकच शब्द उच्चारेल आणि सभागृह त्याचं होईल. दोन राज्यं एका देशातली, वर लवाद, सर्वोच्च न्यायालय, सगळं आहे, तरी पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागली की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती पाणी सोडलं ह्याची चौकशी दरवर्षी नव्याने सुरू होते.

प्रश्न : बाईसाहेब, आपण कोल्हापूरकरांनी टोलनाके पेटवले. तेव्हा खासगी रस्ते ही कल्पनाच आपण जाळली, असं खासगी रस्ते हवेत म्हणणारा माझा नातू म्हणतो. आम्ही मात्र ठेकेदाराच्या आणि महापालिकेच्या संगनमताविरुद्ध लढलो असं समजत होतो. तुमचं काय मत?
— निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

उत्तर : सर, लढा तुम्ही समजत होता तोच होता. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते, सव्वादोनशे कोटींच्या आसपासचा ठेका, आणि त्या बदल्यात तीस वर्षं टोल. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली आणि जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे रस्त्यावर होते, आणि त्यांच्या मागे पेठापेठांतल्या तालमी. ह्याला मुक्त बाजार कोण म्हणेल? रस्ता जुना, वापर जुना, फक्त त्यावर वसुलीचा हक्क सरकारने एकाच्या हातात दिला. आपण काही त्या कंपनीचे गिऱ्हाईक म्हणून सही केली नव्हती.

तरी नातवाला सोडू नका. त्याला विचारा, मग खरोखरचा मुक्त रस्ता कसा दिसेल? महाद्वार रोडला स्पर्धक म्हणून दुसरा महाद्वार रोड कुठून काढायचा, दुकानं पाडून? ज्याच्या मालकीची गल्ली त्याने दर वाढवला तर आतल्या घरांनी काय करायचं? विक्री होणाऱ्या प्लॉटांमधले रस्ते बिल्डर करतोच, आणि चांगले करतो. पण तिथे घर घेण्याआधी माणसाला नाही म्हणता येतं. जुन्या पेठेत जन्मलेल्याला ती सोय नाही. आणि नाके पेटले तेव्हा ते वाचवायला पोलिसांऐवजी कंपनीचे भाडोत्री जवान असते आणि समोर तालमीची पोरं, तर काय झालं असतं ह्याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल.

शेवट मात्र नातवाच्या बाजूचा आहे. टोल रद्द झाला आणि ठेकेदाराला भरपाई सरकारी तिजोरीतून द्यायचं ठरलं. म्हणजे ज्याने कोल्हापूरचा रस्ता कधी बघितला नाही अशा नंदुरबारच्या माणसाच्या करातूनही आपल्या रस्त्याचं बिल भागलं. असा ठराव एकमताने करणं कोणत्याही खासगी कंपनीला जमणार नाही.

प्रश्न : ताई, मी शेतकरी संघटनेत वाढलो. ‘भीक नको, घामाचे दाम हवे’ म्हणत रस्त्यात बसलो. सरकारने शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, भाव आपोआप मिळेल, असं आम्ही म्हणायचो. आज एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, थकली की त्याच सरकारच्या दारात जातो. पोरं हसतात. आमचं तेव्हाचं खरं की आत्ताचं? आणि थकलेल्या बिलाचं काय करू?
— ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, शरद जोशींनी सरकार नकोच असं कधी म्हटलं नाही. 1994 मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हाही त्यांचं म्हणणं सरकारने कायदा-सुव्यवस्था, न्यायालयं सांभाळावीत आणि बाजारात लुडबुड करू नये असंच होतं. बिल बुडवणाऱ्याकडून पैसे मिळवून देणं हे न्यायालयाचंच काम. तेव्हा पोरांना हसू द्या.

पण उसाचा बाजार बघा कसा आहे. तोडलेला ऊस थांबत नाही, दोन दिवसांत वजन उतरतं. तोड कधी येणार ते टोळीच्या आणि कारखान्याच्या हातात. काटा कारखान्याचा, उसातून किती साखर निघते तो उतारा कारखान्याने काढलेला. आणि शेजारी दुसरा कारखाना निघावा म्हटलं तर महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये 25 किलोमीटर हवाई अंतराची अट. केंद्राच्या नियमात 15 आहे, आपल्याकडे वाढवून घेतली. सप्टेंबर 2023 मध्ये तर परराज्यात ऊस न्यायलाच बंदीचा हुकूम निघाला होता. शिरोळच्या माणसाला कर्नाटकातले कारखाने हाताच्या अंतरावर, आणि तेच दार बंद. ओरड झाली म्हणून हुकूम मागे घेतला, नाहीतर तुम्ही बसला असता. सरकारने आधी चारी बाजूंनी भिंत घातली आणि मग आत कोंडलेल्याला चढायला एफआरपीची शिडी दिली, असा हा प्रकार. तुम्ही शिडी मागता ह्यात लाज कसली? फक्त कोणी ‘मुक्त बाजार’ म्हणत आधी शिडी काढायला आला, तर त्याला सांगा की आधी भिंत पाड. अंतराची अट जाऊ दे, काटा बाहेरच्या माणसाकडून तपासला जाऊ दे, मग दराचं बोलू.

तुमच्या आजोबांच्या वेळी ह्या भिंतीला एक खिंडार होतं, गुऱ्हाळाचं. कारखान्याचा दर पटला नाही तर काहील चढवायची, गुळव्या बोलवायचा आणि रवे घेऊन कोल्हापूरला यायचं. आता चुलवाणावर बसायला माणूस मिळत नाही, जळण-मजुरी परवडत नाही, गुऱ्हाळं कमी कमी होत चाललीत. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाहेरचा गूळ आपल्या नावाने विकला जातो ही तक्रार तरीही आहेच. एफआरपीच्या आंदोलनात ह्या गुऱ्हाळवाल्यांबद्दल कोणी बोलत नाही, ह्याचं मला नवल वाटतं. कारखान्याला घाबरवायला मोर्च्यापेक्षा पेटलेलं चुलवाण जास्त उपयोगी पडलं असतं.

बिलाचं सांगते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत; त्यानंतर दरसाल 15 टक्के व्याज लागतं, आणि ते बहुतेक जण मागतच नाहीत. तुम्ही मागा. अर्ज साखर आयुक्त, पुणे ह्यांच्या नावे करा, सोबत काट्याच्या पावत्यांच्या आणि आलेल्या बिलांच्या झेरॉक्स जोडा, मूळ पावत्या कोणालाही देऊ नका. आयुक्तांनी आरआरसी, म्हणजे वसुलीचं प्रमाणपत्र, काढली की जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. गावातले दहा-वीस जण मिळून केलात तर बरं, एकट्याच्या अर्जाला टेबलावरून टेबलावर जायला वेळ लागतो. व्याजाचा हिशेब प्रत्येक पावतीच्या तारखेपासून वेगळा मांडायचा असतो. तो जमला नाही तर पावत्यांच्या झेरॉक्स सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी मांडून देते.